उसनी पोरं

महिपती मिसाळ सध्या काय करतो, असं आमच्या बॅचमधलं कुणी ना कुणी मला दर दिवाळीला विचारतं. विचारणाऱ्याला उत्तर नको असतं, हे मला आता कळून चुकलंय. ‘बरा आहे’ म्हटलं की त्यांचं समाधान होतं आणि गाडीची किल्ली बोटात फिरवत ते दुसऱ्या विषयाकडं वळतात. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. ज्यांना वाचवत नसेल त्यांनी वाचू नये, माझी जबरदस्ती नाही.

आम्ही बारामतीच्या कॉलेजातून पंच्याऐंशी साली बी.एस्सी. झालो. नोकऱ्या शोधून कंटाळल्यावर मी मार्केट यार्डाजवळ खतं-बियाण्यांचं दुकान टाकलं. बाकीचे पांगले, कुणी बँकेत, कुणी साखर कारखान्याच्या लॅबमध्ये, कुणी पुण्याला. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, गावाला आलेली मंडळी परत जायच्या आत, माझ्या गोदामात जमायची पद्धत मीच पाडली. खताच्या पोत्यांवर बसायचं, चिवडा-लाडू खायचे आणि हजेरी द्यायची. हजेरी म्हणजे मी कॉलेजातला रोल नंबर पुकारायचा आणि ज्याचा असेल त्यानं उभं राहून वर्षभराचं सांगायचं. बदली, बढती, लग्न, बारसं, कुणाचा बाप गेला, कुणाची विहीर फसली. बँकवाला आपल्या प्रमोशनचं असं सांगायचा की पोत्यावरच डुलकी लागावी. पुण्याचा एक जण दरवर्षी फ्लॅटच्या खोल्या मोजून दाखवायचा.

महिपतीचा नंबर मी मुद्दाम शेवटी घ्यायचो. त्याच्यासारखं सांगणारा आमच्यात दुसरा नव्हता. तो उभा राहिला की नुसत्या उभं राहण्यानंच निम्मे जण हसायला लागायचे. ज्याच्याकडं सांगण्यासारखं सगळ्यात कमी होतं, तो सगळ्यात जास्त वेळ बोलायचा आणि आम्हाला तो कमीच वाटायचा.

तो बावड्याचा. त्याच्या वडलांनी, ज्ञानदेवतात्यांनी, छप्पन्न साली धम्म घेतला तेव्हा घरातले देवांचे टाक नदीत सोडले आणि पोराबाळांना शाळेत घालायचं ठरवलं. नाव मात्र आजोबांचं ठेवलं, महिपती. त्यांच्या वस्तीतला तो पहिला पदवीधर. त्याची आई, ताईबाई, आठवड्याला एस.टी.च्या कंडक्टरजवळ भाकरी-चटणीचा डबा द्यायची आणि तो डबा हॉस्टेलवर महिपती आणि त्याचा खोलीतला जोडीदार रविराज असे दोघं मिळून संपवायचे. रविराज सुप्याकडचा, अबोल, अभ्यासू. डबा आला की आधी तो उघडायचा. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

बी.एड. झाल्यावर महिपतीला बावड्याच्या पुढं, नीरेच्या अंगाला असलेल्या एका गावातल्या हायस्कूलात नोकरी लागली. शाळेचं नाव लिहीत नाही. शाळा विनाअनुदानित होती. म्हणजे सरकारनं शाळा काढायला परवानगी दिलेली, पगाराला काही दिलेलं नाही. अनुदान येईल तेव्हा येईल, तोवर मास्तरांनी फुकट शिकवायचं. महिपती गणित आणि विज्ञान शिकवायचा, सुट्टीत लोकांच्या शेतात खुरपायला जायचा. ज्या पोराला सकाळी प्रमेय शिकवलं त्याच्याच बापाच्या बांधावर दुपारी भाकरी खायचा. त्याची बायको मुक्ता ब्लाउज शिवून घर चालवायची. शाळेत मराठी शिकवायला सारजाबाई होत्या. नवरा वारलेला, भावाच्या घरी राहायच्या. अनुदान आलं की दोन खोल्या बघीन आणि भावजयीच्या चुलीवरनं उठीन, असं त्या म्हणायच्या. सगळ्या स्टाफनं असं काही ना काही अनुदानावर टांगून ठेवलेलं होतं, आणि अशी सहा-सात वर्षं गेली.

पंच्याण्णवच्या फेब्रुवारीत अनुदानासाठी तपासणी लागली. वर्गात पुरेशी पोरं दिसली तर शाळा पात्र, नाहीतर पुन्हा थांबा. आणि फेब्रुवारी म्हणजे ऊसतोडीचे दिवस. निम्मी पोरं आईबापांबरोबर फडावर. संस्थाचालकांनी हुकूम सोडला, कुठूनही आणा, पण बाक भरा.

आपल्याकडं अशा वेळी काय करतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. लग्नात भांडी उसनी आणावीत तशी शेजारच्या शाळेतली पोरं उसनी आणतात. गावात जिल्हा परिषदेची सातवीपर्यंतची शाळा होती. तिथले हेडमास्तर झुंबर गुरुजी, मूळचे सुप्याचे. अर्धं गाव त्यांच्या हाताखालून गेलेलं. त्यांनी आधी सरळ नाही म्हणून सांगितलं. मग महिपती आणि सारजाबाई त्यांच्या घरी जाऊन बसले. सारजाबाई रडल्या. गुरुजींनी बराच वेळ सुपारी कातरली आणि म्हणाले, न्या, पण पोरांना खोटं बोलायला शिकवताय, एवढं ध्यानात ठेवा.

सातवीतली उंचीला बरी पोरं निवडून आठवीच्या बाकांवर बसवली. फडावर गेलेल्या एकेका पोराचं नाव एकेकाला वाटून दिलं आणि पाठ करून घेतलं. तपासणी अगदी सुरळीत चालली होती. मग साहेब छकुली नावाच्या एका पोरीसमोर थांबले. साहेबांनी नाव विचारलं, तिनं वाटून दिलेलं नाव खणखणीत सांगितलं. साहेब खूश झाले आणि म्हणाले, वडील काय करतात? हे कुणी पाठ करून घेतलं नव्हतं. छकुलीनं थोडा विचार केला आणि विचारलं, “कुणाचं सांगू साहेब? माझ्या बापाचं का तिच्या?”

सारजाबाईंनी डोळे मिटून घेतले. महिपती मात्र पुढं झाला, छकुलीच्या शेजारी बसलेल्या पोरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, या दोघी चुलत बहिणी, साहेब, एकाच घरात वाढतात, म्हणून तिचा गोंधळ होतो. साहेबांचा चेहरा उजळला. एकत्र कुटुंब! हल्ली कुठं राहिलंय असं! आणि साहेबांनी त्या उसन्या पोरांपुढं एकत्र कुटुंबपद्धतीवर छोटंसं भाषण केलं. पुरणपोळी खाऊन, शाळा पात्र ठरवून ते निघून गेले. आदेश पुढच्या वर्षीच्या मार्चपर्यंत निघेल, असं सांगून गेले.

हे मला कसं ठाऊक? त्या दिवाळीला महिपतीनं हजेरीत सांगितलं. आणि कसं सांगितलं! तो छकुली झाला, तो साहेब झाला, साहेबाचं पोट झाला, डोळे मिटलेल्या सारजाबाई झाला. बँकवाला पोत्यावरून खाली घसरला. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा महिपतीकडं सांगायला चांगली बातमी होती, त्याच्या अंगात आलं होतं. शेवटी त्यानं हात जोडले आणि म्हणाला, पुढच्या दिवाळीला मी पगारी मास्तर म्हणून हजेरी देणार, तेव्हा पेढे माझ्याकडनं.

रविराजही हसला. चष्मा काढून त्यानं डोळे पुसले. तो तोवर शिक्षण खात्यात अधिकारी झाला होता आणि नुकताच सोलापूरकडून आमच्या भागात बदलून आला होता. त्याच्या हजेरीत त्यानं ते सांगितलंही होतं. महिपतीनं ते ऐकलं होतं, पण त्याच्या लेखी तो खात्याचा माणूस नव्हताच. एका डब्यातनं जेवलेला रविराज होता. बाहेरच्या माणसासमोर महिपतीनं तोंड उघडलं नसतं, तो काही खुळा नव्हता. आपल्या माणसांत बसलो की माणूस तोंडाला कुलूप लावत नाही, एवढीच त्याची चूक.

जानेवारीत, न कळवता, शाळेवर पुन्हा तपासणी आली. नवे साहेब, जीप थेट वर्गाच्या दारात. बाकं निम्मी रिकामी. त्यांनी कुणाला एक प्रश्न विचारला नाही, डोकी मोजली आणि गेले. मार्चमध्ये अनुदानाऐवजी नकार आला, जूनमध्ये शाळेची मान्यताच गेली. कौलं उतरवली, बाकं विकली. स्टाफ घरी बसला. सारजाबाई भावजयीच्या चुलीपुढं बसल्या त्या तिथंच.

आता गावाला एकच प्रश्न पडला, खात्याला कळवलं कुणी? आणि उत्तरही लगेच सापडलं. मधल्या काळात संस्थाचालकांनी पुढच्या वेळेसाठी पोरं मागितली होती आणि झुंबर गुरुजींनी त्यांना चारचौघांत ठणकावून नकार दिला होता. झालं. गुरुजींनीच चहाडी केली, असं ठरलं. गुरुजींनी कधी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. लोकांनी त्यांना रामराम घालणं सोडलं. गिरणीत त्यांच्या बायकोचा डबा रांगेत असला तर बाकीच्या बाया आपले डबे लांब सरकवायच्या. सत्त्याण्णवच्या मे महिन्यात ते निवृत्त झाले. निरोपाला नारळ दिला नाही कुणी. टेम्पोत सामान भरलं आणि नवरा-बायको सुप्याला निघून गेले.

या सगळ्यात गावानं महिपतीला मात्र जपलं. बिचारा मास्तर हकनाक मारला गेला, म्हणून लोक त्याच्याकडं पोरं शिकवणीला पाठवू लागले. मारुतीच्या देवळामागं पत्र्याची खोली होती, ती कुणीतरी वापरायला दिली. मुक्ताला त्या वर्षी मुलगी झाली, साक्षी. शिकवणीवर घर चालायला लागलं.

आता मी मागं जातो, शहाण्णवच्या दिवाळीला. शाळा बंद होऊन काही महिने झाले होते. महिपती हजेरीला आला नाही. रविराज आला, सरकारी जीपमधून. मला संशय होताच. मंडळी चिवड्यात गुंतल्यावर मी त्याला गोदामाच्या मागं नेलं आणि सरळ विचारलं. त्यानं आढेवेढे घेतले नाहीत.

“हो, मीच वर कळवलं,” तो म्हणाला. “ऐकल्यावर ऐकलं नाही असं कसं करू, आप्पा? उद्या हे दुसरीकडनं बाहेर आलं आणि मला ठाऊक होतं असं निघालं, तर माझी नोकरी जाते. त्यानं माझ्यासमोर सांगायला नको होतं.”

मी त्याला म्हटलं, तू त्याच्या आईच्या भाकऱ्या खाल्ल्यास. तो म्हणाला, म्हणून तर मी स्वतः तपासणीला गेलो नाही. मला आजही ठरवता येत नाही की हा माणूस प्रामाणिक होता की नीच. तेव्हा मला ठरवायची गरज वाटली नाही. मी त्याला जीपमध्ये बसवलं आणि पुन्हा या गोदामाची पायरी चढू नकोस असं सांगितलं. आपल्या बॅचमधले काही जण अजून मला त्याबद्दल नावं ठेवतात. ठेवा.

दोन दिवसांनी मी महिपतीकडं गेलो आणि सगळं सांगितलं. तो रविराजला शिव्या देईल असं मला वाटलं होतं. त्यानं रविराजचं नावसुद्धा काढलं नाही.

“म्हंजी झुंबर गुरुजींनी न्हाय कळवलं,” एवढंच म्हणाला.

न्हाय, मी म्हटलं, तुझ्याच तोंडून गेलं. मुक्ता आत मशीनवर होती, तिला दिवस गेलेले होते. बाहेर शिकवणीची पोरं चपला काढत होती. मग तो हळू आवाजात म्हणाला, गावाला सांगतो मी, पण आत्ता नको, हिची सुटका होऊ दे. मी म्हटलं, बरं. मुलगी झाली. मग म्हणाला, पोरांच्या परीक्षा होऊ देत. परीक्षा झाल्या, आणि त्याच महिन्यात गुरुजींचा टेम्पो गावातनं गेला. ते गेल्यावर आता सांगून काय उपयोग, असं त्याचं सुरू झालं. मला राग यायचा, पण माझं दुकान चालू होतं, माझी पोरं इंग्रजी शाळेत होती. ज्याच्या घरात शिकवणीशिवाय दाणा येत नाही त्याला खरं बोल म्हणून मी कुठल्या तोंडानं सांगणार होतो? खरं बोलला असता तर पोरं दुसऱ्या दिवशी बंद झाली असती, आणि हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

एवढं मात्र सांगतो की तो हसवायचा थांबला. हजेरीला आला नाहीच, मी घरी गेलो तरी कामापुरतं बोलायचा. माणूस आतून कुरतडला जात होता.

अठ्ठ्याण्णवच्या पावसाळ्यात सारजाबाई त्याच्या शिकवणीवर आल्या होत्या, भाच्याला घालायला. बोलता बोलता गुरुजींचा विषय निघाला. सारजाबाई म्हणाल्या, त्यांनीच केलं यात काही शंका नाही, कारण गाव सोडायच्या आदल्या दिवशी ते माझ्या दारात आले होते. पोरी, माझी चूक झाली, मला माफ कर, असं म्हणत होते. मी आतनं कडी लावून घेतली.

महिपतीला काही कळेना. ज्यानं काही केलं नाही तो माफी कशाला मागेल? पण दारात उभे राहिलेले गुरुजी आणि आतली कडी, हे ऐकल्यावर त्याला पुढं गप्प राहता आलं नाही. तिथंच, पोरांसमोर, त्यानं सगळं सांगून टाकलं. आमचं गोदाम, ती गोष्ट, रविराज, आणि हे ठाऊक असून आपण गप्प राहिलो तेही.

सारजाबाई ओरडल्या नाहीत. त्यानं मला नंतर सांगितलं, त्या एवढंच म्हणाल्या, “सर, तुमी सांगून मोकळं झालासा. मी लावलेली कडी आता कुठनं काढू, ते सांगा.” आणि भाच्याला घेऊन निघून गेल्या.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. आठवडाभरात पत्र्याच्या खोलीत एक पोर उरलं नाही. ज्यांनी खोली दिली होती त्यांनी कुलूप लावलं. गुरुजींना वाळीत टाकल्याची लाज कुणाला वाटली असेल तर ती सगळी रागाच्या रूपानं महिपतीवर निघाली. तो बायको-मुलीला घेऊन बारामतीला आला. एम.आय.डी.सी.त एका कंपनीत पॅकिंगला लागला. तर, तो सध्या काय करतो याचं उत्तर हे आहे: बी.एस्सी. बी.एड. महिपती मिसाळ खोक्यांना पट्ट्या मारतो.

पण त्याचा चेहरा मला थोडा उजळलेला दिसला. किंमत मोजून झाली, असं त्याला वाटत होतं. आता फक्त गुरुजींच्या पायावर डोकं ठेवायचं राहिलंय, म्हणाला, तू चल माझ्याबरोबर. कंपनीच्या सुट्टीच्या दिवशी, गुरुवारी, आम्ही सुप्याला गेलो.

गुरुजी ओट्यावर बसले होते. अंगानं अर्धे झाले होते. महिपतीला बघून त्यांना आनंद झाला. सर आले, सर आले, म्हणून त्यांनी बायकोला हाक मारली आणि चहा टाकायला सांगितलं. सतरंजी टाकली. मुलीचं नाव काय ठेवलं, मुक्ता बरी आहे का, विचारलं. आत स्टोव्ह पेटल्याचा आवाज आला.

महिपतीनं त्यांचे पाय धरले आणि मान वर न करता सगळं सांगितलं.

गुरुजींनी ऐकून घेतलं. मग त्यांनी आपलं सांगितलं. तपासणी झाल्यावर त्यांनीही छकुलीची ती गोष्ट मास्तरांच्या एका बैठकीत सांगितली होती. सगळे खूप हसले होते. शाळा बंद पडली तेव्हा त्यांची खात्री झाली की आपल्याच तोंडून हे वर गेलं. म्हणून गावानं तोंड फिरवलं तेव्हा ते एक शब्द बोलले नाहीत. गाव करतंय ते बरोबर करतंय, असं मनाशी म्हणत राहिले. बायकोलाही त्यांनी तसंच सांगितलं होतं.

“लई हलकं झालं बघा,” ते म्हणाले, आणि खरंच त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. “म्हंजी मी न्हवतो. मला वाटायचं, हितं तितं आयुष्यभर पोरं शिकवली आणि शेवटाला चार मास्तरांच्या चुली इझवल्या.”

महिपती रडत होता. मला वाटलं, संपलं, बरं झालं. तेवढ्यात गुरुजींनी विचारलं, “सर, तुमाला हे कळलं कवा?”

महिपतीनं वर बघितलं. खोटं बोलता आलं असतं. मी शपथेवर सांगतो, मी मनात म्हणत होतो की खोटं बोल.

“शहाण्णवच्या दिवाळीला,” तो म्हणाला.

गुरुजींनी मनातल्या मनात हिशेब केला. तो त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होता.

“आमी गाव सोडलं त्याच्या आदी,” ते म्हणाले. “टेम्पो निघाला तवा ही मागं वळून वळून बघत हुती. कुणीतरी पोचवायला यील म्हणून. मी तिला म्हणलं, नको बघू, आपलंच चुकलंय. तवा तुमाला ठाव हुतं?”

“व्हय.”

“तुमी घरातच हुता तवा?”

“व्हय, गुरुजी.”

गुरुजींनी पाय आखडून घेतले. रागावले नाहीत, आवाजही चढवला नाही. त्यांनी आतल्या दाराकडं तोंड केलं आणि बायकोला सांगितलं, “अगं, चहा नको टाकू.”

आतला स्टोव्हचा आवाज बंद झाला.